साखरपाणी न पिणारा उंदीर उदासच असतो का?

प्रश्न एका पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचा आहे. तिच्या गटाकडे मेंदूतल्या एका जनुकाचे नॉकआउट उंदीर आहेत, म्हणजे ते जनुक मुद्दाम काढून टाकलेले. पिंजऱ्यावर दोन बाटल्या लावतात, एकीत साधं पाणी, दुसरीत १ टक्का साखरपाणी. विकत आणलेले ब्लॅक सिक्स या वाणाचे साधे उंदीर साखरपाण्यावर तुटून पडतात, नॉकआउट मात्र दोन्ही बाटल्यांतून जवळपास सारखंच पितात. गटातल्या सगळ्यांचं मत पडलं की ही नैराश्याची खूण आहे, गोडातला आनंदच हरवलाय. ती विचारते, उंदरांची चव अनुवंशिक असते असं वाचलंय, त्याचा इथे काही संबंध असेल का?

मी तर सगळ्यात आधी तिथेच बघेन. वर्तनाचे प्रयोग करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि उदास म्हणून नोंदवलेले उंदीर पुढे नुसतेच गोड न कळणारे निघाल्याचं मी पाहिलंय. एकदा तर माझ्याच कामात. म्हणून तुमच्या उंदरांचं मन तपासण्याआधी त्यांची जीभ तपासा, आणि जीभ तपासण्याआधी त्यांची वंशावळ.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. १९७४ साली जॉन फुलर यांनी दोन वाणांच्या उंदरांना सॅकरीनचं पाणी देऊन पाहिलं. एक वाण आपलं ब्लॅक सिक्स, दुसरं डीबीए. वाण म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, पण इतर वाचकांसाठी सांगतो: सख्ख्या भाऊ-बहिणींचा संकर सलग वीस किंवा अधिक पिढ्या केला की त्या कुळातले सगळे उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे होतात. डीबीए हे त्यातलं सगळ्यात जुनं. क्लॅरन्स लिटल यांनी ते १९०९ मध्ये सुरू केलं, आणि नावातली तीन अक्षरं म्हणजे केसांच्या रंगाची तीन जनुकं. ब्लॅक सिक्सच्या मूळ सी५७ या नावातला ५७ हा आकडा ज्या मादीपासून हे कूळ चाललं तिचा क्रमांक. तर ब्लॅक सिक्सला सॅकरीन भलतंच आवडायचं, डीबीएला त्याचं विशेष काही वाटायचं नाही. फुलरनी दोघांचा संकर केला, मग त्या संकरांचा आपसात, मग मूळ वाणांशी उलट संकर. पिलांची वाटणी बघितल्यावर दिसलं की फरकाचा मोठा भाग एकाच जागेवरून ठरतोय, आणि ब्लॅक सिक्सकडची गोडखाऊ प्रत प्रभावी आहे. त्या जागेचं नाव पडलं ‘सॅक’. पुढे ती चौथ्या गुणसूत्राच्या अगदी टोकाशी असल्याचं कळलं.

वर्तनाच्या अनुवंशशास्त्रात अशी सरळ गोष्ट क्वचित मिळते. भीती, आक्रमकपणा, स्मरणशक्ती, कशालाही हात घाला, डझनावारी जागा निघतात आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. गोडाचं तसं नव्हतं. मेंडेलच्या मटारच्या दाण्यांसारखी वाटणी, तीही आवडीनिवडीची!

ते जनुक नेमकं कोणतं, हे कळायला मात्र २००१ साल उजाडलं. त्या एका वर्षात पाच-सहा प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी तेच उत्तर छापलं: टास१आर३. हे जनुक जिभेवरच्या चवपेशींच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या एका ग्राहीचं, म्हणजे आपण रोज ज्याला रिसेप्टर म्हणतो त्याचं, प्रथिन बनवतं. हे प्रथिन, म्हणजे टी१आर३, एकटं काम करत नाही. टी१आर२ बरोबर जोडी जमली की गोड ओळखलं जातं, टी१आर१ बरोबर जमली की उमामी, म्हणजे ग्लुटामेटची मांसल चव. एकच जोडीदार दोन घरांत नांदतो म्हटलं तरी चालेल, आणि त्यामुळेच टास१आर३ बिघडलं की दोन्ही चवींवर परिणाम होतो.

गोड न कळणाऱ्या वाणांत या प्रथिनाच्या ६०व्या जागी आयसोल्यूसीनऐवजी थ्रिओनिन असतं. प्रथिनाच्या साडेआठशेहून जास्त अमिनो आम्लांपैकी फरकाला मुख्यतः कारणीभूत हे एक. सुरुवातीला वाटलं होतं की या बदलामुळे त्या जागी शर्करेची साखळी चिकटते आणि जोडीच जमत नाही. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की बदललेला ग्राही साखरेला पुरेसा घट्ट धरत नाही. म्हणजे डीबीए किंवा १२९ नावाचं आणखी एक असंच वाण गोडाला पूर्ण आंधळं नाही, त्याला चष्मा लागलाय इतकंच. जास्त साखर घातलीत तर त्यालाही कळतं. तुमच्या १ टक्क्यावर मात्र ते चाचपडणारच, कारण वाणांतला फरक नेमका अशा कमी साखरेवरच उठून दिसतो.

पुरावा कसा मिळाला हेही सांगतो, कारण तुमच्या मार्गदर्शकांना तो पटवावा लागेल. १२९ वाणाच्या उंदरांत गोड कळणारी टास१आर३ ची प्रत बाहेरून घातली, आणि ते गोडखाऊ झाले. दुसरीकडे, २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी ब्लॅक सिक्समधलं हेच जनुक काढून टाकलं. सॅकरीन, सुक्रॅलोज अशा कृत्रिम गोड पदार्थांबद्दलचं आकर्षण गेलं. खऱ्या साखरेबद्दल मात्र दोन्ही गटांचे निष्कर्ष तंतोतंत जुळले नाहीत. एकाला साखरेची थोडी जाण उरलेली दिसली, दुसऱ्याला जवळपास काहीच नाही. चवपेशींत ग्लुकोज आत ओढणारे वाहकही असतात आणि त्या वाटेनं काही बातमी पोचते, असं आज मानलं जातं. हा बारकावा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुमच्या नॉकआउटकडे. मेंदूतलं जनुक काढलंय, चौथ्या गुणसूत्राच्या टोकाशी तुमचं काय देणंघेणं, असं वाटेल. देणंघेणं १२९ या वाणामार्फत येतं. उंदराच्या गर्भातून मूलपेशी काढून त्या काचेत वाढवणं १९८१ मध्ये जमलं. त्यावर उभ्या राहिलेल्या नॉकआउट तंत्राला २००७ चं नोबेल मिळालं, मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना. पण त्या काळी ज्या मूलपेशी खात्रीनं चालायच्या त्या बहुतेक १२९ वाणाच्या. म्हणून जुन्या नॉकआउटची पहिली पिढी १२९ च्या रक्ताची असते. मग तिला पिढ्यान्‌पिढ्या ब्लॅक सिक्सशी संकरित करत नेतात. आता हे आठवा की १२९ हे गोड न कळणाऱ्यांत मोडतं. म्हणजे आपण जनुक काढायला गेलो आणि बरोबर एक मंद जीभ घेऊन आलो.

किती संकर झाले, हा पुढचा प्रश्न. दर पिढीला १२९ चा वाटा निम्मा होतो. दहा पिढ्यांनी तो हजारात दोन भागांवर येतो, पाच पिढ्यांवर थांबलात तर अजून शेकड्यात सहा. ही गणितं सरासरीची आहेत. प्रत्यक्ष तुमच्या कुळात सॅकच्या जागी १२९ ची प्रत उरली असेल किंवा नसेल, अधलंमधलं काही नाही. आणि नॉकआउट व साधे उंदीर वेगवेगळ्या पिंजऱ्यांत, वेगवेगळी कुळं म्हणून वाढवले असतील, तर एका कुळात ती प्रत पक्की बसलेली आणि दुसऱ्यात नाहीशी, असं अगदी सहज होतं. तुमचे साधे उंदीर तर बाहेरून विकत आणलेले आहेत. प्रश्न वाचताना मी तिथेच थांबलो.

त्याहून वाईट शक्यता आणखी एक आहे. तुम्ही जनुकाचं नाव दिलेलं नाही, पण ते चौथ्या गुणसूत्रावर टोकाकडे असेल तर दहा पिढ्यांनीही सुटका नाही. काढलेल्या जनुकाच्या आजूबाजूचा तुकडा त्याच्यासोबत चिकटून येतो. दहा पिढ्यांनंतरही तो सरासरी वीसेक सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं माप) लांब असतो, उंदराच्या हिशेबात ढोबळमानानं चार कोटी अक्षरं, त्यात शेकडो जनुकं. अशा वेळी एकाच आईची पिलं तुलनेला घेतलीत तरी फसाल. नॉकआउट पिलात दोन्ही बाजूंनी १२९ चा तुकडा, त्याच्या साध्या भावंडात दोन्ही बाजूंनी ब्लॅक सिक्सचा. भावंडं आहेत म्हणून आपण निर्धास्त, आणि सॅक मात्र तुमच्या जनुकाचा हात धरून चाललेलं.

माझं काय झालं होतं ते सांगतो. आमच्याकडे एक नॉकआउट कूळ दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलं होतं, सोबतच्या कागदावर ‘ब्लॅक सिक्स पार्श्वभूमी’ असं लिहिलेलं. सॅकरीन नको, पातळ साखरपाणी नको. दोन महिने आम्ही मेंदूचे काप करून डोपामिन, म्हणजे आनंदाशी जोडलं जाणारं मेंदूतलं रसायन, शोधत बसलो. मग ॲनिमल हाऊसमध्ये पिंजरे बदलणाऱ्या मामांनी सहज विचारलं, ‘सर, यांच्यात अधूनमधून एखादं पिल्लू तपकिरी कसं काय निघतं?’ शुद्ध ब्लॅक सिक्सला तपकिरी पिल्लू होत नाही. कुळात परका वंश शिल्लक होता, आणि तो आम्हा पदवीवाल्यांना दिसला नव्हता. टास१आर३ चा तो तुकडा वाचून घेतला, तर नॉकआउट सगळे १२९ च्या प्रतीचे. डोपामिनचा अर्धा लिहिलेला लेख अजून कुठल्यातरी हार्ड डिस्कवर पडून असेल.

हल्ली क्रिस्पर या जनुकं बदलण्याच्या तंत्रानं थेट ब्लॅक सिक्सच्या गर्भातच बदल करतात, त्यामुळे नव्या कुळांत ही भानगड बरीच कमी झाली आहे. तुमचं कूळ कधी आणि कसं बनलं हे आधी शोधा. आणि कुणी आपल्याकडे सगळीकडे मिळणारे पांढरे स्विस उंदीर वापरत असेल, तर तो वेगळाच मामला. ते एकजिनसी वाण नव्हे, प्रत्येक उंदीर वेगळा. गोडाची आवडही उंदरागणिक बदललेली दिसली तर नवल करू नये. सात-आठ उंदरांचे गट करून सरासरी काढलीत तर निव्वळ नशिबानं एका गटात गोडखाऊ जास्त पडू शकतात.

जीभ आणि मन यांची गल्लत होण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण दारूचं आहे. ब्लॅक सिक्स उंदीर १० टक्के अल्कोहोलचं पाणी मिटक्या मारत पितो आणि डीबीए तोंड फिरवतो, हे १९५९ पासून माहीत आहे. त्यावरून व्यसनाच्या मेंदूविज्ञानाचं केवढं शास्त्र उभं राहिलं! पण ब्लॅक सिक्समधून टास१आर३ काढून टाकलं की तो दारूही कमी पितो. अल्कोहोलला उंदराच्या जिभेवर थोडी गोड बाजू असते, आणि ज्याला गोड कळतं तो पेल्याकडे वळतो. व्यसनाचं सगळं काही जिभेत आहे असं मी म्हणत नाही, पण जिभेचा वाटा वजा केल्याशिवाय उरलेल्याबद्दल बोलू नये.

मघाशी बारकावा म्हटलं तो आता. समजा उंदराची जीभ गोडाला पूर्ण बधिर आहे. तरी तो साखरपाणी ओळखायला शिकतो! टीआरपीएम५ नावाची आयनवाहिनी गोड, कडू आणि उमामी या तिघांची बातमी पुढे नेते. ती काढून टाकलेल्या उंदरांवरचा एक प्रयोग २००८ मध्ये छापून आला. काही फेऱ्यांनंतर ते साखरेच्या बाटलीच्या बाजूला जाऊ लागले. सुक्रॅलोजच्या बाटलीसाठी मात्र असं काही शिकले नाहीत. बातमी पोटातून आली होती. २०२० मध्ये तिची वाटही सापडली: आतड्यातल्या पेशी ग्लुकोज ओळखतात आणि व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूच्या देठापर्यंत कळवतात. जीभ शाबूत असलेल्या उंदरालाही कृत्रिम गोडी आणि खरी साखर एकाच वेळी दिली, तर आधी दोन्ही सारखीच पितो आणि एक-दोन दिवसांत साखरेकडे सरकतो.

याचा तुमच्याशी संबंध असा. ४८ तासांच्या दोन बाटल्यांच्या चाचणीत जीभ, पोट आणि शिकणं अशा तिन्ही गोष्टी मिसळतात. चव वेगळी काढायची असेल तर चाटणं मोजणारं यंत्र वापरा. तहानलेला उंदीर सेकंदाला सात-आठ वेळा चाटतो, त्याला नळी फक्त पाच-दहा सेकंद द्यायची आणि चाटण्याची संख्या मोजायची. इतक्या वेळात पोटाला मत द्यायला सवडच मिळत नाही. यंत्र नसेल तर साखरेऐवजी सॅकरीन घ्या, ०.१ टक्क्याच्या आसपास. त्यात उष्मांक नाहीत, त्यामुळे पोटाचा आवाज बंद होतो. फार दाट करू नका, दाट सॅकरीन कडवट लागतं आणि मग दुसऱ्याच गुणसूत्राची गोष्ट सुरू होते.

ती दुसरी गोष्टही थोडी बघू. उंदरात कडू ओळखणारी चालू स्थितीतली पस्तीसेक जनुकं आहेत, माणसात पंचवीसेक. उंदरातली बहुतेक सहाव्या गुणसूत्रावर एकत्र बसलेली. इथेही आधी वाण सापडले, जनुकं मागून आली. १९७० मध्ये सुक्रोज ऑक्टाॲसिटेट नावाचं कडू द्रव्य काही वाणांना कळतं आणि काहींना नाही, असं दिसलं. मग सायक्लोहेक्झिमाइड या दुसऱ्या कडू द्रव्याचं कळलं, आणि २००० मध्ये त्याच्या मुळाशी टास२आर१०५ हे कडू ग्राहीचं जनुक सापडलं. गंमत अशी की इथे पारडं उलटतं. सायक्लोहेक्झिमाइडची तीक्ष्ण जीभ डीबीएकडे, ब्लॅक सिक्सकडे बोथट. म्हणजे ‘चांगल्या जिभेचा वाण’ असं काही नसतं, प्रत्येक चवीचा हिशेब वेगळा. महाविद्यालयात पीटीसी या काहींनाच कडू लागणाऱ्या द्रव्याचा कागद जिभेवर ठेवून ज्यांनी तोंड वाकडं केलंय, किंवा शेजाऱ्याचं वाकडं तोंड बघून आपल्याला काहीच का लागत नाही म्हणून जे बुचकळ्यात पडलेत, त्यांना हे नवं नाही.

पीटीसी ओळखणारा मानवी ग्राही २००५ मध्ये उंदराच्या कडू-पेशींत बसवला गेला. आधी ज्या उंदरांना पीटीसीचं काही वाटत नव्हतं ते ते टाळू लागले. इथवर अपेक्षितच. पण त्याच कामात एक कडू ग्राही मुद्दाम गोड-पेशींत बसवला, आणि उंदीर ते कडू द्रव्य आवडीनं पिऊ लागले. माझ्या मते चवीच्या विज्ञानात याच्याइतका देखणा प्रयोग दुसरा नाही. कडूपणा रेणूत नसतो, ज्या पेशीनं बातमी दिली त्या पेशीत असतो. गोड-पेशी जागी झाली की मेंदू ‘पी’ म्हणतो, समोर काय आहे याची चौकशी करत नाही.

आंबट आणि खारटाबद्दल दोनच वाक्यं, तुमच्या प्रश्नाशी त्यांचा थेट संबंध नाही. आंबट ओळखणारी प्रोटॉनची वाट ओटॉप१ ही २०१८ मध्ये सापडली, पण हे जनुक आधीपासून माहीत होतं ते कानामुळे: ते बिघडलेले उंदीर मान वाकडी करून चालतात, कारण तोल सांभाळणारे कानातले खडे तयार होत नाहीत. खारटाची हवीहवीशी बाजू एनॅक या सोडियमवाहिनीवर चालते आणि मीठ फार झालं की कडू व आंबटाच्या पेशी ओरडू लागतात. तिखट ही तर चवच नाही, ती आग आहे. टीआरपीव्ही१ हा ग्राही काढून टाकलेले उंदीर मिरचीतलं कॅप्सेसिन घातलेलं पाणी बिनदिक्कत पितात. कोल्हापूरकरांना हे पटणार नाही, पण उंदरांनी साक्ष दिलेली आहे.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय की साखरेऐवजी ॲस्पार्टेम वापरू का, कारण ते प्रयोगशाळेत पडून आहे. नका वापरू. उंदराला ॲस्पार्टेम गोड लागतच नाही, सायक्लामेटही नाही. त्याच्या टी१आर२ ची घडण आपल्यापेक्षा वेगळी आहे. माणसाचं टी१आर२ घातलेल्या उंदरांना मात्र ॲस्पार्टेम गोड लागू लागलं. मांजराकडे तर टास१आर२ जनुकच मोडलेलं आहे, तिला गोड म्हणजे काय हेच ठाऊक नाही. दूध पिते ती साखरेसाठी नव्हे.

या फरकाचं आपल्या घराजवळचं उदाहरण म्हणजे गुडमार, मधुनाशिनी. सह्याद्रीत सापडणारी ही वेल. पानं चावून वर साखर खाल्ली तर वाळू खाल्ल्यासारखी लागते. माणसात हे काम जिम्नेमिक आम्लं करतात, टी१आर३ च्या पेशीच्या आवरणात रुतलेल्या भागाला चिकटून. उंदरावर त्यांचा परिणाम होत नाही. त्याच पानांत गुरमारिन नावाचं ३५ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन असतं. ते उंदीर-घुशींची गोड चव दाबतं, आणि आपल्यावर त्याचा परिणाम नाही. उंदरांतही ब्लॅक सिक्सवर तो जास्त, बाल्ब-सी या वाणावर कमी. एका पानात दोन प्राण्यांसाठी दोन कुलपं! मधुमेहावरच्या वनस्पतींचे प्रयोग आपल्याकडे खूप होतात. गुडमारचा अर्क पाण्यातून दिल्यावर उंदीर कमी गोड पितो, हे बघून लगेच चयापचयावर घसरू नये, म्हणून हे इतकं लांबवलं.

आता तुम्ही नेमकं काय करायचं. उद्या सकाळी करण्यासारखं पहिलं काम म्हणजे दोन्ही गटांतल्या प्रत्येक उंदराच्या कानाच्या तुकड्यातून डीएनए काढून टास१आर३ चा ६०व्या जागेभोवतीचा भाग पीसीआर करून, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती काढून, वाचायला पाठवणं. खर्च किरकोळ. ओळख पटवण्यासाठी कान टोचताना निघालेले तुकडे फ्रीझरमध्ये असतील तर उंदरांना पुन्हा हातही लावावा लागणार नाही. नॉकआउट १२९ च्या प्रतीचे निघाले तर तुमचं निम्मं कोडं सुटलं.

ते येईपर्यंत माल्टोडेक्स्ट्रिनची बाटली लावून बघा. हा माझा आवडता पडताळा आहे. टी१आर३ काढून टाकलेले उंदीरही माल्टोडेक्स्ट्रिनसारखे स्टार्चचे तुकडे आवडीनं पितात, कारण त्यांची वाट गोडाच्या ग्राहीतून जात नाही. तुमचे नॉकआउट साखरपाण्याकडे दुर्लक्ष करून माल्टोडेक्स्ट्रिनवर तुटून पडले, तर आनंद हरवलेला प्राणी तसं वागत नाही, दोष जिभेचा. दोन्हींना सारखेच थंड राहिले तर मेंदूचा संशय वाढतो. सोबत साखरेच्या पाच-सहा पातळ्या द्या, अर्ध्या टक्क्यापासून सोळापर्यंत. जीभ मंद असेल तर पसंतीचा आलेख उजवीकडे सरकतो पण शेवटी वर चढतो. १ टक्का या एका आकड्यावरून दोन्हींतलं काहीच कळत नाही, आणि हा एक आकडा इतक्या लेखांत का टिकून आहे हे मला आजवर समजलेलं नाही.

बाकी नेहमीची पथ्यं. बाटल्यांच्या जागा दर २४ तासांनी बदला, काही उंदीर चवीपेक्षा कोपऱ्यावर जास्त प्रेम करतात. एक रिकामा पिंजरा तशाच दोन बाटल्या लावून ठेवा आणि त्यातली गळती वजा करा. २५ ग्रॅमचा उंदीर दिवसाला चार-पाच मिलीलीटर पितो, त्यात एक मिलीलीटर गळलं तर तुमचा निष्कर्षच गळाला. साखरपाणी दोन दिवसांत आंबतं, ताजं करा. आणि तुलनेला विकत आणलेले उंदीर नकोत. नॉकआउट आणि साधे एकाच आई-बापाचे घ्या. तुमचं जनुक चौथ्या गुणसूत्राच्या टोकाशी असेल तर भावंडांतही टास१आर३ बघून निवडा. तुकडा मधेच तुटलेलं एखादं पिल्लू सापडलं तर त्याला सोन्यासारखं जपा, त्याच्यापासून स्वच्छ कूळ सुरू करता येईल. या वाढीव प्रजननासाठी संस्थेच्या प्राणी-नीती समितीकडे आधी अर्ज करावा लागेल, तो आत्ताच टाका, बैठकीची तारीख मिळायला वेळ जातो.

हे सगळं झाल्यावरही, टास१आर३ ची प्रत दोन्ही गटांत सारखी असताना, सॅकरीन, साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन तिन्हींत नॉकआउट मागे राहिले, तर मग मार्गदर्शकांचं म्हणणं मीही गंभीरपणे घेईन आणि डोपामिनचे काप करायला बसा असं सांगेन. अनुक्रमाचा निकाल आला की जनुकाचं नाव आणि कुळाचा इतिहास, दोन्ही इथेच लिहा.